जगलबेटचे कर्नल, ‘दाबलेलं’ पुस्तक आणि 55 कोटींचा फॉरवर्ड

जानेवारी लागला की 55 कोटींचा मेसेज येतोच, पण यंदा त्याला बेळगावचा मसाला लावून पाठवलाय. मेसेज थोडक्यात असा: आपल्याच भागातला एक विसरलेला लेखक, कर्नल मनोहर माळगावकर, यांनी ऐन तारुण्यात गांधीहत्येवर आपलं पहिलं पुस्तक लिहिलं, सरकारनं त्याच्यावर कायमची बंदी घातली, आता ते सापडलंय, आणि त्यात लिहिलंय की गांधींना मारलं ते फक्त पाकिस्तानला 55 कोटी दिले म्हणून, गोळ्या तीन नव्हे चार होत्या, हत्येआधी नथुराम आठवडाभर बेळगावात आणि कर्नलांच्या जगलबेटच्या बंगल्यात लपला होता, नेहरूंनी मुद्दाम पहारा काढला, आणि याच खटल्यात सावरकरांना बेळगावजवळच्या हिंडलग्याच्या जेलात टाकलं होतं. खाली पीडीएफ जोडलेली, आणि डिलीट व्हायच्या आत पुढं पाठवा म्हणून तंबी.

असले मेसेज मी सोडून देतो, कोण वाद घालत बसणार. पण हा खानापूरच्या मामांनी घरच्या ग्रुपवर टाकला, आणि मामा म्हणजे रिटायर्ड हेडमास्तर, त्यामुळे बाकीच्यांनी ‘छान माहिती’ म्हणून अंगठे दाखवले, आणि त्यांची नात हेच 30 जानेवारीला शाळेत भाषणात सांगणार असं कळलं. मामा, तुमचा मान राखून सांगतो, पण हे पोरीला स्टेजवर बोलायला लावू नका की ओ.

आधी लेखकाचं. माळगावकर विसरलेले, हे अर्धं खरं आहे आणि त्याची लाज आपल्यालाच वाटायला हवी. मराठा लाईट इन्फन्ट्रीत लेफ्टनंट कर्नल झालेला माणूस, ज्या रेजिमेंटचं सेंटर आपल्या बेळगावच्या कॅम्पात आहे. वाघांची शिकार केली, मँगनीजच्या खाणी केल्या, शेती केली आणि लोंढा-रामनगरच्या पुढं जोयडा तालुक्यात जगलबेटला राहून इंग्रजीत कादंबऱ्या लिहिल्या. 2010 साली गेले ते तिथंच. फाळणीवरच्या त्यांच्या कादंबरीवर देशभर विद्यार्थी पीएचडी करतात आणि आमच्याकडं कॉलेजच्या मराठी पोरांना नाव माहीत नसतं, कारण लिहिलं इंग्रजीत. एवढं मान्य. पण ‘पहिलं पुस्तक, ऐन तारुण्यात’ हे कुठून आणलं? माणूस 1913 चा. पहिलं पुस्तक कान्होजी आंग्र्यांवरचं, 1959 चं. गांधीहत्येवरचं ‘द मेन हू किल्ड गांधी’ आलं 1978 ला, म्हणजे पासष्टीला. तारुण्य बरंच लांबलं म्हणायचं.

आणि बंदी? त्या पुस्तकावर बंदी नव्हती. मॅकमिलननं उघड छापलं, उघड विकलं, पुढं 2008 ला फोटो आणि कागदपत्रांसकट नवी आवृत्ती निघाली. मेसेज बनवणाऱ्यानं तीन वेगवेगळी पुस्तकं एकात शिवलीत. बंदी आलेलं पहिलं म्हणजे स्टॅनली वोलपर्ट या अमेरिकन माणसाची ‘नाईन अवर्स टू रामा’ ही गांधीहत्येवरची 1962 ची कादंबरी. हे मात्र त्याचं खरंच सुरुवातीचं पुस्तक, पुढं तो मोठा इतिहासकार झाला आणि कादंबरी लोक विसरले. दुसरं नथुरामचा भाऊ गोपाळ गोडसे याचं ‘गांधीहत्या आणि मी’, 1967 चं. ते सरकारनं जप्त केलं होतं खरं, पण मुंबई हायकोर्टानं 1969 लाच ती जप्ती रद्द केली. कसली कायमची बंदी? एकाचं ‘सुरुवातीचं’, दुसऱ्याची ‘जप्ती’ आणि तिसऱ्याचा बेळगावचा पत्ता, झाला मेसेज तयार.

एक गोष्ट मात्र नाईलाजानं कबूल करावी लागते, नाहीतर मामा म्हणतील लपवलं. नव्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत माळगावकरांनी स्वतः लिहिलंय की आणीबाणीतल्या सेन्सॉरशिपमुळं पहिल्या वेळी काही गोष्टी गाळाव्या लागल्या. उदाहरण दिलंय ते बाबासाहेब आंबेडकरांनी सावरकरांचे वकील ल. ब. भोपटकर यांना खासगीत सांगितलेल्या गोष्टीचं, की सावरकरांना फार तकलादू आधारावर यात गोवलंय. ठीक आहे, हे लेखकाचं म्हणणं आहे आणि छापून उघड उपलब्ध आहे. लेखकानं धास्तीनं हात आखडता घेणं वेगळं आणि सरकारनं पुस्तक दाबणं वेगळं. आणि ती जोडलेली पीडीएफ उघडून तरी बघा, त्यात माळगावकरांचं एक पान नाही, नथुरामचं कोर्टातलं निवेदन आहे, वर कव्हर तेवढं दुसरं लावलंय.

आता 55 कोटी. हे सगळ्यात जास्त चालतं, कारण ऐकायला हिशेबासारखं वाटतं. पैसे दिले, राग आला, गोळी घातली.

आधी ते पैसे काय होते ते बघा. फाळणीत अखंड हिंदुस्थानच्या तिजोरीतली रोख शिल्लक वाटली गेली, पाकिस्तानच्या वाट्याला 75 कोटी ठरले, त्यातले 20 आधीच दिलेले, राहिले 55. काश्मीरात लढाई चालू होती म्हणून आपल्या सरकारनं ते अडवून धरले. गांधींना ते अडवणं पटलेलं नव्हतं, सरकारनं उपोषण चालू असतानाच पैसे सोडले, आणि सरकारच्या पत्रकातही गांधींच्या उपोषणाचा संदर्भ होता. नथुरामनंही कोर्टात हे कारण म्हणून सांगितलं. इथपर्यंत मेसेज बरोबर आहे, घ्या.

पण तारखा लावा की जरा. गांधींनी उपोषण जाहीर केलं 12 जानेवारी 1948 च्या संध्याकाळी, प्रार्थनेच्या वेळी, आणि त्या भाषणात 55 कोटींचा शब्द नाही. 13 ला उपोषण सुरू. पैसे सोडायचा निर्णय जाहीर झाला 15 ला. 18 ला उपोषण सुटलं ते दिल्लीतल्या सगळ्या गटांच्या पुढाऱ्यांनी अटी मान्य केल्यावर, आणि त्या अटी काय? मेहरौलीचा उरूस नेहमीसारखा भरू द्या, मुसलमानांना शहरात निर्धास्त फिरू द्या, बळकावलेल्या मशिदी परत करा, त्यांच्या धंद्यावरचा बहिष्कार उठवा, अशा. पैशाची अट एकही नाही. पैसे 15 लाच सुटले होते, मग उपोषण त्याच्यासाठी असतं तर त्याच दिवशी संपायला हवं होतं, तीन दिवस आणखी उपाशी कशाला राहिला तो म्हातारा, 78 वर्षांचा?

आता खरी मेख. लाल किल्ल्यात भरलेल्या खास कोर्टाचा निकाल आहे, न्यायाधीश आत्माचरण, 10 फेब्रुवारी 1949. त्यात साध्या विम्याच्या कागदांवरून एक गोष्ट सिद्ध झालीय. नथुरामनं आपल्या आयुर्विम्याच्या पॉलिसींवर वारस नेमले, एकीवर कटातला साथीदार नारायण आपटे याची बायको, दुसरीवर भाऊ गोपाळची बायको. कधी? 13 आणि 14 जानेवारीला. ज्याला जिवंत परत यायची खात्री नाही तोच माणूस असली कामं उरकून घेतो. म्हणजे पैसे सुटल्याची बातमी 15 ला यायच्या आत पॉलिसीवर सह्या झालेल्या होत्या. हा कागद कुणा काँग्रेसवाल्याचा नाही, विमा कंपनीचा आहे. माळगावकरांच्या पुस्तकातही हेच येतं, 12 तारखेला पुण्यात टेलिप्रिंटरवर उपोषणाची बातमी आली आणि आपटे-गोडसेंनी गांधींना मारायचं तिथंच ठरवलं. ज्या पुस्तकाचं नाव घेऊन 55 कोटी सांगताय तेच पुस्तक तुमच्या उलट बोलतंय, पण वाचणार कोण?

शिवाय 25 जून 1934 ला पुण्यात गांधींच्या गाड्यांवर बॉम्ब टाकला होता. 1944 ला सेवाग्रामला, जिनांना भेटायला जाऊ नका म्हणून निदर्शनं करायला गेलेल्या गटातल्या एकाकडं सुरा सापडला. तेव्हा 55 कोटी कुठं होते? पाकिस्तान तरी कुठं होतं? हे शाळेतल्या पोरीला सांगायला नको का? एका माणसाला मारायचं कारण वर्षानुवर्षं वेगळं आणि मेल्यावर हिशेबाच्या वहीत शोधून काढलेलं वेगळं. आणि या पैशाच्या गोष्टीचा त्रास असा की ती सांगितली की ऐकणारा हळूच ‘मग बरोबरच होतं की’ म्हणतो. कालच ग्रुपवर एका चुलतभावानं ते टाईप पण केलं. म्हणून मला इथं एवढं लिहावं लागलं.

जगलबेटच्या बंगल्याचा मुद्दा तर निव्वळ करमणूक. त्या पंधरवड्याचा जवळजवळ रोजचा हिशेब कोर्टात आलाय. 14 ला मुंबई. 17 ला आपटे आणि गोडसे विमानानं दिल्लीला, तिकिटावर नावं करमरकर आणि मराठे. कॅनॉट सर्कसच्या मरीना हॉटेलात खोली नंबर 40, तिथं दोघं झाले देशपांडे. 20 ला गांधी राहत होते त्या बिर्ला हाऊसमध्ये कटातला साथीदार मदनलाल यानं स्फोट केला आणि सापडला, हे दोघं कानपूरमार्गे परत मुंबईला. 27 ला पुन्हा विमान, आता नावं विनायकराव आणि नारायणराव, त्याच रात्री रेल्वेनं ग्वाल्हेर, तिथं पिस्तूल मिळालं, 29 ला दिल्ली. यात बेळगावचा आठवडा कुठं बसवायचा तो बसवून दाखवा. आणि गांधींचं बेळगावशी नातंच सांगायचं असेल तर डिसेंबर 1924 चं काँग्रेस अधिवेशन आहे ना, आयुष्यात एकदाच अध्यक्ष झाले ते आपल्या टिळकवाडीत. काँग्रेस विहिरीवरनं रोज गाड्या नेतो आपण, तिथं का विहीर आहे ते कुणी विचारत नाही, पण नथुराम कुठल्या खोलीत झोपला ते पाहिजे.

पहारा नेहरूंनी काढला म्हणे. गृहमंत्री सरदार पटेल होते, नेहरू नव्हे, आणि 20 च्या स्फोटानंतर पहारा वाढवला होता, काढला नव्हता. प्रार्थनेला येणाऱ्यांची झडती घ्यायला गांधींनीच साफ नकार दिला. पण इथं मेसेजवाल्याला जो वास आलाय तो खोटा नाही, हलगर्जीपणा झाला आणि तो भयंकर होता. मदनलाल हातात होता. मरीनाच्या खोलीत धोब्याकडं दिलेले कपडे सापडले, त्यावर ‘एन. व्ही. जी.’ अशी खूण, म्हणजे नथुराम विनायक गोडसे. पुण्यातला पेपर चालवणारा एक संपादक यात आहे एवढं मदनलालच्या तोंडून निघालेलं होतं. रुईया कॉलेजचे प्राध्यापक जगदीशचंद्र जैन मुंबईचे तेव्हाचे गृहमंत्री मोरारजी देसाईंना भेटून सांगून आलेले, की मदनलाल आधीच असलं काही बोलला होता. पुण्याच्या पेपरवाल्यांच्या यादीत त्या अक्षरांचा माणूस शोधायला किती वेळ लागतो? आणि पुण्याचे पोलीस अधिकारी राणा दिल्लीतनं माहिती घेऊन निघाले ते विमानानं नाही, रेल्वेनं, तेही अलाहाबादवरनं फिरून. न्यायाधीश आत्माचरण यांनी निकालातच पोलिसांना झापलंय, पुढं या हत्येच्या चौकशीला नेमलेल्या कपूर आयोगानं तर पानंच्या पानं भरलीत. हा कट नव्हे, आपल्याकडं ऑफिसात जे रोज चालतं तेच, फक्त किंमत फार मोठी होती. माळगावकरांचं पुस्तक वाचायचं ते यासाठी, मारणाऱ्यांचा गोंधळ आणि पकडणाऱ्यांचा गोंधळ शेजारी-शेजारी कसा चालला होता ते असं क्वचितच कुणी लिहिलंय.

चौथी गोळी लवकर उरकतो. त्यावेळच्या काही पेपरांत चार गोळ्या छापून आल्या होत्या, गडबडीत येतं तसं. बेरेटा पिस्तुलात सात गोळ्या मावतात, तीन झाडल्या, चार आत राहिल्या, डॉक्टरांनी गोळी शिरल्याच्या जखमा तीनच नोंदवल्या. फेरतपासाची याचिका सुप्रीम कोर्टात गेली, कोर्टानं ज्येष्ठ वकील अमरेंद्र शरण यांना सगळे जुने कागद तपासायला सांगितलं, त्यांनी दुसऱ्या मारेकऱ्याचा पुरावा नाही असं कळवलं आणि मार्च 2018 मध्ये याचिका फेटाळली.

राहता राहिला हिंडलगा. यात बेळगावकरांची फसगत का होते ते कळतं, कारण सावरकर बेळगावच्या जेलात होते ही गोष्ट खरीच आहे, म्हातारी माणसं अजून सांगतात. पण ते 1950 साल. पाकिस्तानचे पंतप्रधान लियाकत अली यांची दिल्ली भेट होती, तेव्हा गडबड नको म्हणून एप्रिलमध्ये त्यांना स्थानबद्ध करून इकडं आणलं आणि राजकारणापासून लांब राहीन असं लिहून दिल्यावर जुलैत सोडलं. गांधीहत्येच्या खटल्यात ते लाल किल्ल्यात आरोपी होते आणि फेब्रुवारी 1949 ला निर्दोष सुटले होते, म्हणजे हिंडलग्याला यायच्या वर्षभर आधी. 1969 चा कपूर आयोग त्यांच्याबद्दल वेगळं बोलला, त्यावर भांडायचं तर खुशाल भांडा, पण आयोगाचा अहवाल समोर ठेवून, जेलची तारीख बदलून नव्हे.