आधीचं नाव काय होतं?

परवा पुन्हा तेच झालं. 27 फेब्रुवारी, मराठी भाषा गौरव दिन. एका वाचनालयाने मला भाषणाला बोलावलं होतं. पाऊण तास बोलले. घरमालकांबद्दल बोलले, कागदपत्रांबद्दल बोलले, ट्रान्स पुरुषाबरोबर, म्हणजे जन्माच्या वेळी मुलगी म्हणून नोंद झालेल्या पुरुषाबरोबर, संसार मांडला की मराठी क्रियापदांचं काय होतं तेही सांगितलं. लोक हसायच्या जागी हसले, गप्प व्हायच्या जागी गप्प झाले. मला वाटलं, चला, आज पोचलं. मग अध्यक्ष म्हणाले, प्रश्न असतील तर विचारा. पहिला हात वर. साठीच्या बाई, चेहरा अगदी मायाळू.

"ताई, राग मानू नका हं. पण ह्यांचं आधीचं नाव काय होतं?"

हा, म्हणजे माझा जोडीदार, शेवटच्या रांगेत बसला होता. सभागृहातल्या सगळ्या माना एकदम मागे वळल्या.

राग मानू नका म्हणे. मानणार. आज मी भरपूर राग मानणार आहे.

मला आता हा प्रश्न येण्याआधीच ओळखू येतो. आवाज अर्ध्यावर येतो, मान जराशी वाकते, खुर्ची इंचभर पुढे सरकते. शेजारच्या घरातल्या सोन्याची चौकशी करताना करतात ना, अगदी तसंच. "मी कोणाला सांगणार नाही." अहो, कोणाला सांगायचंच नाही तर हवंय कशाला? लोणचं घालणार आहात? दहा वर्षं झाली आम्ही एकत्र राहतोय. एवढ्या काळात हा प्रश्न डॉक्टरांनी विचारला, इस्त्रीवाल्याने विचारला, माझ्या सख्ख्या मावसबहिणीने विचारला, आणि मोर्चात माझ्या खांद्याला खांदा लावून घोषणा देणाऱ्या कार्यकर्तीनेही विचारला. तिचा तर जास्त राग येतो, कारण तिने आधी दोन मिनिटं "मला खरं तर विचारायला नको, पण" असं म्हणून घेतलं होतं.

बरं, त्या सभागृहातली गंमत बघा. ज्यांच्या जन्मदिवसाला आपण सगळे जमलो होतो, ते जन्मले तेव्हा गजानन रंगनाथ होते. काकांनी दत्तक घेतलं, विष्णु वामन झाले. कविता लिहू लागले, धाकट्या बहिणीच्या, कुसुमच्या नावावरून कुसुमाग्रज झाले. माणसाची तीन नावं. माझ्या मागच्या बॅनरवर मोठ्या अक्षरांत तिसरं होतं. कोणी हात वर करून म्हणालं का, की नाही नाही, ह्यांचं खरं नाव लिहा? कोणी फोटोकडे डोळे बारीक करून त्यात गजानन शोधत होतं का?

आमच्याकडे बघताना मात्र तेच करतात. नाव कळलं, की त्या क्षणापासून समोरचा माणूस दिसेनासा होतो. दाढी दिसत नाही, आवाज ऐकू येत नाही. चेहऱ्यावरून नजर फिरते ती फक्त "ती" कुठे लपलीय ते शोधायला. मी हे तर्काने सांगत नाही, घडताना बघितलंय.

आमच्या मागच्या घरमालकीणबाई. दीड वर्ष अतिशय चांगल्या. "अहो, आलात का? पाणी येऊन गेलं हं." मग पोलीस पडताळणीच्या कागदांत कुठलीशी जुनी झेरॉक्स गेली, आणि दुसऱ्या दिवशी जिन्यात हाक आली, "आलीस का गं?" आता इथे मराठीची करामत समजून घ्या. इंग्रजीवाल्यांचं बरं आहे, एक सर्वनाम सांभाळलं की सुटले. आपल्याकडे आलास-आलीस, दमलास-दमलीस, माणूस नुसता खोकला तरी क्रियापद लिंग विचारतं. फक्त अहो-जाहो केलं तर सुटका आहे. "आलात" ला लिंग नाही. म्हणजे बाईंनी एका रात्रीत दोन गोष्टी काढून घेतल्या. आधी आदर काढला, तेव्हाच लिंग आत शिरलं. त्याला रोज जिन्यात, दूधवाल्यासमोर, वरच्या मजल्यावरच्या पोरांसमोर. तीन महिन्यांत घर सोडलं. लोकांना वाटलं, भाडं वाढवलं म्हणून सोडलं. आम्हीही तसंच सांगितलं.

आता कोणी शहाणा म्हणेल, कागद नीट करून घ्यायचे. केले ना! हा माणूस कागद करण्यात इतका पटाईत झालाय की त्याला सेतू केंद्रात नोकरी द्यावी. सर्वोच्च न्यायालयाने 15 एप्रिल 2014 ला सांगितलं, आपलं लिंग काय हे ज्याचं त्याने ठरवायचं, त्यासाठी ऑपरेशनचा आग्रह धरणं बेकायदा. वाचून आम्ही पेढे आणले होते. मग 2019 चा कायदा आला. त्यात ओळखपत्र जिल्हाधिकाऱ्यांकडून, आणि "ट्रान्सजेंडर" च्या जागी "पुरुष" लिहून हवं असेल तर पुन्हा वैद्यकीय प्रमाणपत्र. एका हाताने दिलं, दुसऱ्या हाताने फाइल मागितली. तेही केलं. 2020 च्या नियमांत तीस दिवसांत ओळखपत्र द्यावं असं लिहिलंय. ते तीस दिवस कुठल्या पंचांगातले, ते लिहिलेलं नाही.

ओळखपत्र मिळालं की सगळ्या कागदांवर नाव बदलायचा हक्क आहे, कायद्यात सरळ लिहिलंय. खिडकीतल्या साहेबांनी कायदा वाचलेला नसतो. ते म्हणतात, "गॅझेट आणा." म्हणून गॅझेट. आणि गॅझेट म्हणजे काय? राजपत्रात जुनं नाव आणि नवं नाव शेजारी शेजारी छापून येतं. जगजाहीर, कायमचं. ज्या नावापासून सुटायचं, ते आधी सरकारने छापायचं, मग त्याची रंगीत प्रिंट काढून तुम्ही गावभर वाटत फिरायचं. बँकेत द्या, गॅसवाल्याकडे द्या, शाळेत दाखल्याला द्या. दहावीच्या गुणपत्रिकेसाठी तर शाळेतल्या क्लार्कने ते नाव मोठ्याने, सुरात, दोनदा वाचून दाखवलं. तिथे डबा खायला बसलेल्या चार शिक्षकांनी ऐकलं. एक म्हणाले, "अगं, तू होय!"

अगं.

त्यानंतर तो परत येताना गाडीवर एक शब्द बोलला नाही. मी मागे बसून कायद्याची कलमं पुटपुटत होते. काय उपयोग!

आणि दवाखाना. त्याला गेल्या पावसाळ्यात ताप. तीन दिवस उतरेना, म्हणून एका मोठ्या रुग्णालयात नेलं. नवीन ओळखपत्र दिलं, सगळं दिलं. पण कुठल्या तरी जुन्या वर्षातली फाइल त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये त्याच मोबाइल नंबरवर निघाली. बाकड्यांवर चाळीस-पन्नास माणसं. नर्सबाईंनी दार उघडलं आणि ते नाव पुकारलं. आडनावासकट. हा जागेवरून हलला नाही. तापाने डोळे लाल, दाढी वाढलेली, नजर समोरच्या कुटुंब नियोजनाच्या पोस्टरवर. दुसऱ्यांदा पुकारलं. सगळे इकडेतिकडे बघायला लागले, कोण बाई आहे म्हणून. तिसऱ्यांदा पुकारलं की नंबर जाणार होता. मी उठले. म्हटलं, "मी."

आत गेले. डॉक्टरांनी मला बसवलं, जीभ दाखवा म्हणाले. मी दाखवली! हसू नका. मला दुसरं काही सुचलंच नाही. मग दार लावून घेतलं आणि सांगितलं, ताप मला नाही, बाहेर बसलाय त्याला आहे. डॉक्टर भले होते, त्याला बोलावून घेतलं, व्यवस्थित तपासलं. जाताना गोळ्यांची चिठ्ठी देऊन मला बाजूला घेतलं, आवाज अर्ध्यावर आणला... आता तुम्हालाही कळलं असेल काय विचारलं ते. नाव तर फाइलीवर लिहिलेलं होतं हो त्यांच्यासमोर! तरी माझ्या तोंडून खात्री करून हवी होती.

माझी आजी वारली तेव्हा मी तेवीस वर्षांची होते. तिचं माहेरचं नाव मला तिच्या तेराव्याला कळलं, कुठल्याशा दूरच्या भाचीकडून. लग्नाच्या दिवशी ताटात तांदूळ पसरून आजोबांनी अंगठीने दुसरं नाव लिहिलं, आणि तिने त्या नावाने पुढची साठ वर्षं भाकऱ्या थापल्या. तिला कोणी विचारलं नव्हतं, बाई, तुला बदलायचंय का? आणि नंतर कोणी हेही विचारलं नाही, की आजी, तुमचं आधीचं नाव काय हो? गावाने ते नाव एका दुपारीत टाकून दिलं, सुपातला खडा टाकावा तसं. महाराष्ट्रात घरोघरी हे झालंय. म्हणजे विसरता येतं तुम्हाला. उत्तम येतं. जिने मागितलं नव्हतं तिचं नाव तुम्ही लगेच विसरलात, आणि ज्याने पै-पै साठवून, रांगेत उभं राहून, स्वतःच्या तोंडाने मागून घेतलं, त्याचं मात्र जुनं तुम्हाला जपून ठेवायचंय.

संपादकांबद्दल न बोललेलं बरं, पण बोलते. दिवाळी अंकासाठी लेख मागतात. लेख देते. मग फोन येतो. "लेख छानच आहे, पण वाचकाला जरा पार्श्वभूमी हवी. शाळेतला एखादा फोटो मिळेल का, दोन वेण्यांचा?" दोन वेण्या! त्यांना माझं लिखाण नको, आधी-नंतरची जाहिरात हवीय, टक्कल पडलेल्यांच्या तेलाची असते तशी. आम्ही दोघं रात्री भांडतो ते गीझर कोण चालू ठेवून गेलं यावरून. त्याला उन्हाळ्यातही पंखा तीनवर लागतो, मला पाचवर. तो कांदा जाड चिरतो. यावर मी तीन पानं लिहिली होती, ती कापली. "ह्यात ट्रान्स काही नाही" म्हणाले.

आता खरं सांगायचं तर हे सगळं लिहायचा मला पूर्ण हक्क नाही. आमच्याबद्दल पहिला लेख मीच लिहिला होता. दुसऱ्याच परिच्छेदात लिहिलं होतं, "पूर्वाश्रमीची अमुक." मला वाटलं होतं, वाचकाला लागेल. मला वाटलं होतं, मी धीट आहे, काही लपवत नाही. नाव माझं नव्हतंच, त्यामुळे धीट व्हायला काय जातंय? अंक घरी आला, त्याने उभ्या उभ्या वाचला, टेबलावर ठेवला. म्हणाला, "चांगलं लिहिलंयस. मी कुठे आहे ह्यात?" आणि गॅलरीतले कपडे आणायला गेला. तो अंक आजही वाचनालयांत असेल. कोणी शोधलं तर सापडेल. त्या मायाळू बाईंना ते माहीत नव्हतं एवढंच. परवा स्टेजवर माझे कान तापले ते अर्धे त्यांच्यावर आणि अर्धे स्वतःवर.

त्या नावावर कोणाचा हक्क असेलच तर एका बाईचा आहे, त्याच्या आईचा. तिने ते ठेवलं होतं, पाळण्याला हात लावून. सहा वर्षांपूर्वी त्याने तिला सगळं सांगितलं. तेव्हापासून तिच्या तोंडून ते नाव मी एकदाही ऐकलेलं नाही. नवं नाव अजून तिच्या जिभेवर बसत नाही. आणि "आलास" म्हणणं तिला अजून जड जातं, "आलीस" म्हणायचं तिने सोडलंय. मग काय करते? फोनवर विचारते, "बाळ जेवलं का? बाळ दमलं का आज?" चौतीस वर्षांचं बाळ, दाढी असलेलं. नपुंसकलिंगाचा असा वापर कुठल्या व्याकरणकाराने शिकवला नसेल. सातवी शिकलेली बाई. तिला जमतं, आणि एम.ए. झालेल्या सभागृहाला जमत नाही?

परवा मी त्या बाईंना काय उत्तर दिलं म्हणता? काही नाही. माईक अध्यक्षांच्या हातात दिला आणि पाणी प्यायले. त्यांनी "वेळेअभावी" म्हणून आभार मानून टाकले. शाल आणि नारळ मिळाला.

घरी येऊन मी अर्धा तास आरडाओरडा केला, भांडी आपटली. हा शांतपणे जाड कांदा चिरत होता. तेवढ्यात त्याचा फोन वाजला, स्पीकरवर टाकला. कुठल्या तरी जुन्या यादीतून नंबर घेतलेली कर्जवाली मुलगी. "नमस्कार, अमुक मॅडमशी बोलतेय का मी?"

तो म्हणाला, "त्या इथे राहत नाहीत."

"मग कुठे भेटतील सर?"

"राजपत्रात बघा," म्हणाला, आणि कढईत कांदा टाकला.