तिकडे असं असते, मॅडम!

तालुक्याच्या कॉलेजात बी.ए.ला इंग्रजी शिकवते. परवा स्टाफरूममध्ये एका सहकाऱ्यानं विचारलं, "कापूस वेचणाऱ्या पोरींना सेनेगलची कादंबरी कशाला हो?" तिथं हसून सोडून दिलं. इथं लिहिते.

कादंबरी मारियामा बा यांची, 'सो लाँग अ लेटर'. मूळ फ्रेंच, १९७९ ची. रामातुलाय नावाची शिक्षिका, बारा लेकरांची माय. नवरा मुलीच्याच मैत्रिणीशी दुसरं लग्न करतो आणि काही वर्षांनी मरतो. इद्दतीत, म्हणजे मुसलमान विधवेनं पाळायच्या शोककाळात, बसलेली रामातुलाय स्वतःच्या मैत्रिणीला पत्र लिहिते.

माझी चूक आधी सांगते. सुरुवातीला मी ही कादंबरी 'तिकडची' म्हणूनच शिकवली. फळ्यावर दोन रकाने, आफ्रिका आणि भारत. (सेनेगलला आफ्रिका म्हणून मोकळं होणं म्हणजे आर्वीला आशिया म्हणणं. पण म्हणायची.) पोरी "बापरे, तिकडे असं असते, मॅडम!" म्हणायच्या आणि पेपरात गाईडमधलं 'वूमन एम्पॉवरमेंट' उतरवून मोकळ्या.

मग एका डिसेंबरात, वेचणीमुळं वर्ग अर्धा रिकामा असताना, नवरा मेल्यावरच्या चाळिसाव्या दिवसाचा प्रसंग घेतला. नवऱ्याचा मोठा भाऊ येतो आणि तुझ्याशी मीच लग्न करणार म्हणून सांगतो. 'ब्रदर-इन-लॉ'ला मी 'भासरा' म्हटलं आणि वर्ग जागा झाला. मागच्या बाकावरचा एक पोरगा म्हणाला, "पण मॅडम, बारा लेकराइले आधार तं पाहिजेच ना." पोरींनी त्याला जो धुतला! त्या गलक्यात एक पोरगी, बोटांवर बोंडांचे ओरखडे, खाली बघूनच बोलली, "माह्या मायले संक्रांतीच्या हळदीकुंकवाले कोनी बलावत नाही."

तिची माय टिकली लावते, रंगीत लुगडं नेसते. एवढं बदललं. बोलावणं मात्र येत नाही. कोल्हापूरकडच्या हेरवाड ग्रामपंचायतीनं २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव घेतला, शासनानं परिपत्रकही काढलं. पण हळदीकुंकवाला कोणाला बोलवायचं हे आपल्याच काकू-मावशा ठरवतात. मीही ठरवत आले.

तेव्हापासून सेनेगलच्या आधी बुलढाणा घेते. अभ्यासक्रमात नाही, तरी. ताराबाई शिंदेंची 'स्त्री-पुरुष तुलना', १८८२. कादंबरी नाही ती, पण बायको मेली की पुरुषाला दुसरी करायची मुभा, मग बाईला का नाही, असं तोंडावर विचारणारी ही बाई आपल्या बुलढाण्याची, हे वर्गात कोणालाच माहीत नसतं. त्या काळच्या पुस्तकांत बायका कशा रंगवल्या जात, त्याचीही तिनं सालटी काढलीत. ते वाचून सेनेगलला गेलं की 'तिकडे' हा शब्द जरा दमानं येतो.

त्या पोरीनं कादंबरीच्या पानांची झेरॉक्स घरी नेली, मायला वऱ्हाडीत सांगितली. दुसऱ्या दिवशी मायचा प्रश्न घेऊन आली, "माय म्हनते, मंग घर कोनाच्या नावावर होतं?"

मला सांगता येईना. पुस्तक उघडलं. घर दोघांच्या बचतीतलं, कागदावर नाव नवऱ्याचं, आणि नव्या बायकोच्या घरासाठी त्यानं तेच गहाण टाकलेलं. इतकी वर्षं शिकवत होते, हे पान वर्गात एकदाही वाचलं नव्हतं.