पाणाड्याने दाखवलेली जागा

काल परत टँकर मागवला. अंगणात तीन लाख घालून खणलेली विहीर आहे, आणि मे महिन्यात आई पिंपातलं पाणी तांब्याने मोजून घेते. डोकं फिरणार नाही तर काय!

गेल्या ऑक्टोबरात बाबांनी पाणाड्याला, म्हणजे जमिनीखालचं पाणी शोधून देणाऱ्याला, बोलावलं. आमच्या गोव्यात डिचोलीकडे विहीर म्हटली की आधी तो. नारळ, पाच हजार रुपये, हातात काटकोनात वाकवलेल्या दोन पितळी सळ्या. अनवाणी चालला, सळ्या एकमेकींवर आल्या, "इथे तीन झरे मिळतात, तीस फुटांवर पाणी." मी बाजूलाच होतो. सळ्या फिरायच्या आधी त्याची मनगटं आत कलत होती, डोळ्यांनी पाहिलंय. मुद्दाम करत होता असं नाही म्हणत. मनातलं नकळत हातात उतरतं, हे विल्यम कार्पेंटर या इंग्रज शरीरशास्त्रज्ञाने 1852 सालीच सांगितलंय. मी म्हटलं, "काका, डोळ्यांवर टॉवेल बांधून परत चाला बघू." काका तडकले आणि बाबा माझ्यावरच ओरडले.

डिसेंबरात तीस फुटांवर पाणी लागलं. लागणारच! वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आपल्याकडे. जांभा ते सगळं पितो आणि खालच्या शेडीवर, म्हणजे पांढरट चिकणमातीच्या थरावर, पाणी साचतं. पावसाळा सरल्यावर कुठेही खणा, ओल मिळते. ते वैशाखापर्यंत टिकणार का, हा खरा प्रश्न. आमची जागा सड्याच्या, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठाराच्या, कडेला. तिथलं पाणी उताराने खाली कुळागराकडे, सुपारीच्या बागेकडे, झिरपून जातं. मार्चअखेर नुसता चिखल उरला. आता वाकून पाहिलं तर तळाला पांढरट शेडी भेगाळलेली दिसते.

आजोबा वैशाखातच विहिरी खणायला लावायचे. पाणी सगळ्यात खाली गेलेलं असताना लागलं तर ते बारमाही, एवढा साधा हिशेब. शेजारच्या विहिरीत मे महिन्यात दोरी सोडून बघायला पैसे पडत नाहीत. आणि पाणाड्यांची परीक्षाही झालीय: जर्मनीत म्युनिकजवळ 1987-88 मध्ये कोठारात खाली पाण्याचा पाईप हलवत ठेवून वरच्या मजल्यावर 43 निवडक पाणाडे चालवले, 843 वेळा. बहुतेकांचा नेम आंधळ्या अंदाजापलीकडे गेला नाही.

पण माझं रक्त उसळलं ते पुढे. बाबांनी आमच्या पाणाड्याला फोन केला तर तो म्हणतो, "खणताना विटाळ झाला असेल, झरा सरकला." विटाळ! म्हणजे बोट वहिनीकडे. कामगारांना चहा द्यायला तीच रोज खड्ड्यापाशी जायची. बाबा दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. ती रात्री मोरीत भांडी घासत रडत होती, त्याच टँकरच्या पाण्याने. चूक याची, खर्च आमचा, आणि शिक्षा तिला?

येत्या रविवारी तोच माणूस वाड्यावर दुसऱ्या घरी येतोय. मी टॉवेल घेऊन जाणार आहे. बाबांना काय ओरडायचं ते ओरडू देत.