'मिठापेक्षा सुरक्षित' तणनाशक : एका फिरत्या मजकुराचा प्रतिवाद

खरीप तोंडावर आला की शेतकऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत ग्लायफोसेट या तणनाशकाबद्दलचा एक मजकूर हमखास फिरू लागतो. शब्द इकडचे तिकडे होतात, मुद्दे तेच. ग्लायफोसेट मिठापेक्षा कमी विषारी आहे. कॅन्सरची भीती खोटी, युरोपने 2033 पर्यंत परवानगी दिली आहे. मातीला लागताच ते निष्क्रिय होतं. कपाशीत हूड (नोझलवरचं टोपण) लावून बिनधास्त मारा, कायद्याने चालतं. आणि शेवटी फुकटचा सल्ला : पंपात युरिया नि मूठभर मीठ टाका, हरळीसुद्धा जळून जाईल.

या मजकुरात खऱ्याचे दाणे आहेत, म्हणूनच तो पटतो. (उलट बाजूचा 'जगभर बंदी, फक्त भारतात विकतात' हा मजकूर तर सरळच चूक आहे. अमेरिका, ब्राझील, युरोपीय संघ, सगळीकडे ग्लायफोसेट विकलं जातं. श्रीलंकेने 2015 मध्ये बंदी घातली, 2018 मध्ये चहा आणि रबरासाठी सैल केली आणि 2022 मध्ये उठवली.) तेव्हा दाणे वेगळे काढू.

"मिठापेक्षा कमी विषारी"

हा आकडा एलडी-50 चा. प्रयोगातल्या उंदरांना एकाच वेळी तोंडावाटे किती दिलं की निम्मे मरतात, ते मोजतात. मिठासाठी तो वजनाच्या किलोमागे सुमारे 3 ग्रॅम येतो, शुद्ध ग्लायफोसेटसाठी 5 ग्रॅमच्या आसपास किंवा त्याहून जास्त. आकडा खरा आहे. पण कृषी सेवा केंद्रातून शुद्ध ग्लायफोसेट घरी येत नाही. येते ती 41 टक्के एसएलची बाटली, म्हणजे ग्लायफोसेटचा आयसोप्रोपिलअमाइन क्षार, पाणी आणि पानावर पसरायला मदत करणारा सर्फॅक्टंट. कितीतरी उत्पादनांत हा सर्फॅक्टंट टॅलो अमाइन जातीचा असतो, पोईए म्हणतात तो. पेशींना तो ग्लायफोसेटपेक्षा जास्त झोंबतो. युरोपीय संघाने 2016 मध्ये ग्लायफोसेटच्या उत्पादनांतून तो काढायलाच लावला. मिठाशी तुलना करणाऱ्याने बाटलीतला एकच घटक तराजूत टाकलेला असतो.

श्रीलंकेतल्या रुग्णालयांत ग्लायफोसेट पोटात गेलेल्या 601 रुग्णांचा अभ्यास 2010 मध्ये छापून आला. त्यांतले 3.2 टक्के दगावले. पॅराक्वाट हे दुसरं तणनाशक प्यायलेल्यांत निम्म्याहून अधिक जातात, त्या मानाने हे कमी. पण ज्याने शंभरातली तीन माणसं जातात, त्याला 'मीठ' म्हणत नाहीत.

इथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. रुग्णाला नेताना बाटली किंवा लेबल सोबत न्या. ग्लायफोसेटच्या रेणूत फॉस्फरस आहे, म्हणून त्याला ऑर्गनोफॉस्फेट (मोनोक्रोटोफॉसच्या जातीचं कीटकनाशक) समजण्याची चूक सहज होते. पण मोनोक्रोटोफॉससारखी कीटकनाशकं मज्जासंस्थेतलं जे एन्झाइम अडवतात, ते हे अडवत नाही, त्यामुळे त्यांच्यावर उतारा म्हणून देतात त्या अ‍ॅट्रोपिनची इथे गरज नसते. ग्लायफोसेटवर उतारा नाही. रक्तदाब, श्वास आणि मूत्रपिंड सांभाळणं हाच उपचार. घरी मिठाचं पाणी पाजून उलटी करवू नये.

बाटलीवरचा रंगीत त्रिकोण (लाल, पिवळा, निळा, हिरवा) हासुद्धा एका वेळच्या विषबाधेपुरताच बोलतो. वीस खरीप पाठीवर पंप घेतलेल्या माणसाचं काय होईल, हे त्यात लिहिलेलं नसतं. तंबाखूच्या पहिल्या चिमटीनेही कुणाला कॅन्सर होत नाही.

"कॅन्सरची भीती खोटी, युरोपने परवानगी दिली"

जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने (आयएआरसी) मार्च 2015 मध्ये ग्लायफोसेट '2-अ' गटात टाकलं : माणसात कॅन्सर होण्याची बरीच शक्यता. याच गटात लाल मांस आहे, 65 अंशांहून गरम पेयं आहेत, रात्रपाळी आहे. सुपारी आणि तंबाखू त्याच्याही वरच्या, पहिल्या गटात. या याद्या 'हा पदार्थ कॅन्सर घडवू शकतो का' एवढंच सांगतात. 'किती वापरला की किती धोका' हा निराळा हिशेब.

तो हिशेब 2016 मध्ये अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ बैठकीने मांडला. निष्कर्ष असा की आहारातून पोटात जाणाऱ्या ग्लायफोसेटमुळे माणसाला कॅन्सरचा धोका संभवत नाही. मजकूर लिहिणाऱ्याने 'आहारातून' हा शब्द गाळला आणि सगळी गडबड तिथे झाली. भाकरी खाणाऱ्याचं उत्तर फवारणाऱ्याच्या गळ्यात बांधलं गेलं.

फवारणाऱ्यांबद्दलचे दोन मोठे दाखले दोन दिशांना बोट दाखवतात. अमेरिकेत आयोवा आणि नॉर्थ कॅरोलायना इथल्या 54,251 परवानाधारक फवारणी करणाऱ्यांवरच्या अभ्यासात (2018) ग्लायफोसेट आणि नॉन-हॉजकिन लिम्फोमा (लसीका ग्रंथींचा एक कॅन्सर) यांचा संबंध आढळला नाही. पुढच्याच वर्षी अनेक अभ्यास एकत्र करून केलेल्या विश्लेषणात सर्वांत जास्त संपर्क आलेल्यांमध्ये हा धोका 41 टक्क्यांनी वाढलेला दिसला. (बाटलीवरच्या 41 शी या आकड्याचा काही संबंध नाही.) हा आजार मुळात कमी लोकांना होतो आणि त्या छोट्या आकड्यावर ही 41 टक्के वाढ आहे, म्हणून घाबरून जाण्यासारखं नाही. पण 'खोटी भीती' म्हणून झटकण्यासारखंही नाही. शिवाय तिकडे बहुतेक फवारणी ट्रॅक्टरच्या यंत्राने होते. आपल्याकडे गळका पंप पाठीवर आणि पाय ओल्या गवतात. आपल्या फवारणाऱ्याने तिकडच्या आकड्यांवर विसंबू नये, असं आमचं मत आहे.

युरोपचं म्हणाल तर परवानगीची मागची बाजूही वाचावी. नोव्हेंबर 2023 मध्ये सदस्य देशांच्या मतदानात ना बाजूने पुरेसं बहुमत झालं ना विरोधात, म्हणून युरोपीय आयोगाने निर्णय घेतला. मुदत 15 डिसेंबर 2033. सोबत अटी आल्या, त्यांतली एक म्हणजे कापणीआधी पीक वाळवण्यासाठी फवारणीला मनाई. अमेरिकेत पर्यावरण संरक्षण संस्थेच्या 2020 च्या अंतरिम निर्णयातला मानवी आरोग्याचा भाग न्यायालयाने जून 2022 मध्ये रद्द केला. तिथेही विषय मिटलेला नाही.

"मातीला लागताच निष्क्रिय"

अर्धं खरं. काळ्या चिकणमातीला ग्लायफोसेट घट्ट धरून बसतं, त्यामुळे जमिनीत पडलेलं बी ते मारत नाही. पण धरून बसणं म्हणजे नाहीसं होणं नव्हे. जीवाणू ते हळूहळू फोडतात, आणि निम्मं व्हायला कुठे काही दिवस तर कुठे महिने लागतात. त्यातून निघणारं अ‍ॅम्पा त्याहून चिवट. पहिल्या वळवात माती वाहिली की तिला चिकटलेलं औषधही नाल्यात जातं.

"कपाशीत मारा, कायद्याने चालतं"

भारतात तणनाशकाची नोंदणी पिकागणिक होते, फरीदाबादच्या केंद्रीय कीटकनाशक मंडळ व नोंदणी समितीकडे. ग्लायफोसेटच्या लेबलवर दोनच जागा आहेत : चहाचे मळे आणि पीक नसलेली जमीन. कपाशी, सोयाबीन, ऊस यांची नावं त्यात नाहीत. त्यावर ऑक्टोबर 2022 मध्ये केंद्राने आदेश काढला की ग्लायफोसेटचा वापर फक्त कीड नियंत्रण चालकांमार्फत, म्हणजे परवानाधारक पेस्ट कंट्रोलवाल्यांकडूनच व्हावा. आता हे लोक तालुक्याच्या गावी वाळवी-ढेकणांची आणि गोदामातल्या धुरीची कामं घेतात. बांधावरचा कुंदा मारायला त्यांना कोण बोलावणार आणि कोण येणार? आदेश लिहिणाऱ्यांनी हा विचार केलेला दिसत नाही. पण आदेश अव्यवहार्य आहे म्हणून कपाशीला परवानगी मिळाली, असा अर्थ निघत नाही.

'राज्याने बंदी घातलेली नाही' हे उत्तरही पुरत नाही. राज्याच्या हातात तात्पुरती मनाईच असते. 2017 मध्ये यवतमाळला फवारणी करताना झालेल्या विषबाधेनंतर महाराष्ट्राने पाच कीटकनाशकांवर घातलेली बंदीही 60 दिवसांचीच होती.

मजकूर लिहिणाऱ्याच्या बाजूने एक मुद्दा खरोखर आहे, तो त्याला ठाऊक नसावा. कीटकनाशक कायदा 1968 चं कलम 38 म्हणतं की स्वतः कसत असलेल्या जमिनीत औषध वापरणाऱ्याला हा कायदा लागू नाही. म्हणून लेबलबाहेर फवारणाऱ्या शेतकऱ्याच्या दारात सहसा कुणी येत नाही. तोटा दुसरीकडे होतो. लेबलवर पीकच नाही, म्हणजे त्या पिकासाठी मात्रा ठरलेली नाही, काढणीपूर्वीचा कालावधी ठरलेला नाही, आणि पीक जळालं तर कंपनी लेबल पुढे करून मोकळी.

आणि पीक जळतं. बीटी जनुक बोंडअळीसाठी आहे, तणनाशक सोसण्याशी त्याचा संबंध नाही. तणनाशक सोसणाऱ्या कपाशीला, म्हणजे चोरून विकल्या जाणाऱ्या एचटीबीटीला, केंद्राची मंजुरी नाही. साध्या बीटीत हूड लावला तरी कोवळ्या हिरव्या खोडावर उडालेले थेंब आत जातात. पहिले सात-आठ दिवस काहीच दिसत नाही. मग शेंड्याची नवी पानं पिवळी, बारीक, अरुंद येतात, पात्या गळतात, आणि दोष रोगावर किंवा बियाण्यावर जातो.

कपाशीसाठी नोंदलेली औषधं आहेत. पेरणीनंतर उगवणीआधी, जमिनीत ओल असताना पेंडिमिथॅलिन. उभ्या पिकात पायरिथायोबॅक सोडियम 6 टक्के अधिक क्विझालोफॉप इथाइल 4 टक्के, एकरी 400 ते 500 मिली, तण दोन ते चार पानांवर असताना. तण वीतभर झाल्यावर मारलं तर पैसे पाण्यात.

"युरिया नि मीठ टाका"

युरियामागे अर्धवट ऐकलेलं शास्त्र आहे. विहिरी-बोअरच्या जड पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम ग्लायफोसेटला पकडून ठेवतं, मग ते पानात नीट शिरत नाही. यावर उपाय अमोनियम सल्फेटचा : लिटरला 20 ग्रॅम, म्हणजे 15 लिटरच्या पंपाला 300 ग्रॅम. ते आधी बादलीत पूर्ण विरघळवून फडक्याने गाळायचं, नाहीतर नोझल तुंबतं. पंपात आधी हे पाणी, मग ग्लायफोसेट. क्रम उलटला तर कॅल्शियमने औषध आधीच पकडलेलं असतं. युरियात सल्फेटच नाही, तो कॅल्शियमला काय अडवणार?

मिठाने तर उलटंच होतं. पानं दोन दिवसांत करपतात म्हणून शेतकरी खूश होतो. पण ग्लायफोसेट जिवंत पानातून रसाबरोबर मुळांपर्यंत उतरावं लागतं. पान करपलं की वाट बंद, आणि तीन आठवड्यांनी हरळी खालून पुन्हा हिरवी. अकोला-अमरावतीच्या खारपाणपट्ट्यात तर पाण्यात आधीच सोडियम भरपूर असतं, तिथे वरून मीठ म्हणजे बांधाचीही वाट.

गढूळ पाणी वापरू नका, कारण पंपातली माती तेच करते जे शेतातली माती करते. रस्त्याकडेच्या धुळकट पानांवरही हाच अडथळा. पत्र्याच्या जस्ती बादलीत द्रावण करू नये, त्यातून ज्वालाग्राही हायड्रोजन वायू निघतो. फवारणीनंतर किमान सहा तास पाऊस नको.

'पंपाला 100 मिली' हा गावठी हिशेबही एकदा तपासून घ्या. नुसतं पाणी भरून एक गुंठा फवारा आणि किती लागलं ते मोजा. चार लिटर लागले तर एकराला 160 लिटर, म्हणजे पावणेअकरा पंप. लेबलची मात्रा हेक्टरी 2 ते 3 लिटर, एकरी 800 ते 1,200 मिली. म्हणजे पंपाला 75 ते 112 मिली. पण झपाझप चालणाऱ्याला गुंठ्याला अडीचच लिटर लागले, तर पंपाला 120 ते 180 मिली हवं. तेच 100 मिली एकाच्या हातून पुरतं आणि दुसऱ्याच्या हातून अपुरं पडतं.

केना या तणावर मात्र यातलं काहीच फारसं चालत नाही. ग्लायफोसेट तो मुळातच सोसतो, आणि बाकीचं तण मेलं की मोकळ्या जागेत आणखी पसरतो. मात्रा वाढवून उपयोग नाही. फुलावर येण्याआधी उपटावा आणि शेताबाहेर न्यावा, कारण ओलीत पडलेला त्याचा तुकडासुद्धा पुन्हा मूळ धरतो.