सम शिंका, विषम शिंका

नवरीच्या मामाने बोहल्याजवळ शिंकू नये, हा नियम नक्की कुठल्या ग्रंथात आहे ते मला गेल्या रविवारपासून हवं आहे. कुणाला माहीत असेल तर पान क्रमांकासह कळवावं.

भाचीचं लग्न होतं. पुण्यात, नदीकाठच्या उघड्या लॉनवर, ऐन फेब्रुवारीत. मुहूर्त १२ वाजून १७ मिनिटांचा. डोक्यावर भाड्याचा फेटा चढवून, भाचीला धरून मी स्टेजकडे निघालो आणि पहिल्याच पायरीशी शिंकलो.

"थांबा!"

मुलाकडचे थोरले काका. सिल्कचा झब्बा, खिशाला दोन पेनं, आणि आयुष्यभर दुसऱ्यांच्या फायलींवर 'त्रुटीपूर्तता करावी' असा शेरा मारत आलेल्या माणसाचा चेहरा. ते पायरीवर आडवे उभे राहिले.

"मामा, एक झाली."

"काय झाली?"

"शिंक. एक वाईट. आता दुसरी काढा, म्हणजे जोड होते. मग खुशाल चला."

शिंक ही काढायची गोष्ट आहे असं मानणारा माणूस मी जन्मात पाहिला नव्हता. "अहो काका, अशी मागून कशी येईल?" मी म्हणालो.

"प्रयत्न तर करा. उन्हाकडे बघा."

आणि खरोखर त्यांनी माझी हनुवटी धरून माझं तोंड सूर्याकडे वळवलं. तिकडे गुरुजी माइकवरून "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं" असं पुन्हा पुन्हा सांगत होते, त्यांचा आवाज दर वेळी थोडा चढत होता. भाची दातांतल्या दातात म्हणाली, "मामा, काढ रे एकदाची, माझा मेकअप वितळतोय."

आता, ॲलर्जीवाल्याची शिंक एकटी फिरत नसते. थोडा धीर धरला की अख्खं कुटुंब येतं. ते आलं.

"दोन!" काका आनंदाने ओरडले. "झाली जोड. चला, चला. अरे! तीन. बास, मामा. आता बास."

"ते माझ्या हा... हा..."

"चार! छान. इथेच थांबा."

पाचवी आली. काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी हुंड्याची बोलणी उकरून काढली. सहावी आणि सातवी इतक्या लागून आल्या की त्यांच्यात वाद पेटला. नवऱ्यामुलाच्या आत्याबाई म्हणाल्या, ती एकच, लांबलेली. काका म्हणाले, दोन स्वतंत्र शिंका, मधे श्वास घेतलेला त्यांनी स्वतः पाहिला. तेवढ्यात आमच्याकडच्या एका मावशींनी पाचवा हा मुळात ठसका होता असा मुद्दा मांडला आणि सगळा हिशेब पहिल्यापासून सुरू झाला. एक व्याही बोटांवर मोजत होते, एक जण मोबाइलवर व्हिडिओ मागे नेऊन बघत होता. मी मात्र पुढच्या शिंका पुरवत होतो. माझं मत कुणी विचारलं नाही.

शेवटी कुठल्यातरी आकड्याला काका "सम! सम!" म्हणत झेपावले आणि स्वतःच्या उपरण्याने माझं नाक चिमटीत धरलं. तसंच. दुसऱ्या पक्षाच्या, जेमतेम एका बैठकीची ओळख असलेल्या गृहस्थाच्या हातात नाक देऊन मी भाचीला बोहल्यापर्यंत पोचवलं. उपरण्याला डांबरगोळ्यांचा वास होता. फोटोग्राफर म्हणाला, "काका, थोडं इकडे बघा." काकांनी बघितलं. मला बघता आलं नाही.

या सगळ्याचा कर्ता करविता आमच्या डोक्यावर उभा होता, निष्पर्ण. वावळ. पुण्याच्या टेकड्यांवर, नदीकाठी, जुन्या रस्त्यांच्या कडेला हे झाड भरपूर आहे आणि बहुतेकांनी ते कधी पाहिलेलं नाही, कारण त्यात पाहण्यासारखं काही नसतं. जानेवारी-फेब्रुवारीत पानं गाळून ते फुलतं. फुलं म्हणजे काय, काडीला चिकटलेले हिरवट-तपकिरी ठिपके. मधमाशीलाही आमंत्रण नाही. सगळी भिस्त वाऱ्यावर. पानं आधीच गळालेली, त्यामुळे परागांच्या वाटेत आडवं यायलाही कुणी नाही. (काकांना हे झाड आवडलं नसतं.)

इथे न्यायाचा प्रश्न येतो. याच महिन्यांत पळस, पांगारा, काटेसावर अशी लालभडक मंडळी फुलतात आणि नाक गळणारा प्रत्येक जण त्यांच्याकडे बोट दाखवतो. बिचाऱ्यांचं सगळं काम पक्ष्यांच्या भरवशावर, पराग जड आणि चिकट, ते वाऱ्यावर फार लांब जात नाहीत. ऑक्टोबर-नोव्हेंबरात सप्तपर्णीच्या नावाने शिमगा होतो. तिच्या वासाने डोकं उठतं हे खरं, पण तिचंही परागीकरण कीटक करतात. पुढे उन्हाळ्यात वावळाच्या चपट्या पापड्या भिरभिरत गॅलरीत येतात तेव्हा लोक वावळाला शिव्या देतात, म्हणजे आरोपी बरोबर, तारीख चुकीची. त्या बिया. गुन्हा दोन महिन्यांपूर्वीच उरकलेला असतो. तो करणारा कण २०-४० मायक्रॉनचा, डोळ्याला दिसणार नाही असा. मग दिसतं त्यालाच धरायचं. फूल दिसतं, पापडी दिसते, मामा तर फेट्यासकट दिसतो.

आणि वावळालाही मुहूर्त लागतो, हे काकांना सांगायचं राहून गेलं. फेब्रुवारीत पुण्याची सकाळ १२-१३ अंशांची, दुपार ३२-३३ची. सकाळी हवेत ओलावा असतो, परागकोश मिटलेले. ऊन चढतं, हवा कोरडी पडते, तसे परागकोश वाळून उकलतात. जमीन तापली की हवा वर उसळते, वारा सुटतो आणि माल रवाना. संध्याकाळी हवा थंडावली की वर गेलेले पराग हळूहळू खाली उतरतात. म्हणजे लग्न पहाटेचं ठेवलं असतं तर मी कदाचित नुसता नाक ओढत उभा राहिलो असतो. १२ वाजून १७ मिनिटं! गुरुजींनी शुक्र पाहिला, गुरू पाहिला, कुंडल्या जुळवल्या. वाऱ्याचा वेग कुणी पाहिला?

तसा एक माणूस होता पाहणारा. मँचेस्टरचा डॉक्टर चार्ल्स ब्लॅकली. त्याला स्वतःला हाच त्रास. बाबाने काय करावं, तर चिकट काचपट्ट्या पतंगाला बांधून आकाशात सोडल्या आणि वर किती पराग फिरताहेत ते खाली आणून मोजले. १८७३ साली हे सगळं छापलं. पन्नाशीतला डॉक्टर गळक्या नाकाने पतंग उडवतोय आणि शेजारीपाजारी खिडक्यांतून बघताहेत, हे चित्र मला फार धीर देतं. आमच्याकडे संक्रांतीला एवढे पतंग उडतात, पण मांज्याला काचपट्टी बांधायचं कुणाच्या मनात येत नाही. मांज्यातच काच असते म्हणा.

"पाऊस पडला की धुऊन निघेल," हा सल्ला मला त्याच मांडवात जेवताना मिळाला. अर्धाच खरा आहे. संततधार लागली तर हवा धुऊन निघते हे बरोबर, पण पुण्यात फेब्रुवारीत संततधार आणायची कुठून? आणि गडगडाटी पावसाची गोष्ट वेगळीच. वादळाआधीच्या वाऱ्यात पराग वर खेचले जातात, ओल्या हवेत पाणी पिऊन फुटतात आणि त्यांचे बारीक तुकडे खाली येतात. अख्खा पराग नाकात अडकतो, तुकडा थेट छातीत उतरतो. ऑस्ट्रेलियात मेलबर्नला २१ नोव्हेंबर २०१६च्या संध्याकाळी असंच वादळ आलं, गवताच्या परागांचं. हजारो माणसं श्वास लागून दवाखान्यांकडे धावली, दहा जण गेले. हे मी जिलेबीच्या पंगतीत सांगितलं. समोरचे म्हणाले, "पण तुमचं तसं काही नाही ना? तुमची आपली सर्दीच."

आपली सर्दीच! हे वाक्य ऐकलं की माझं टाळकं सटकतं. दरवर्षी ठरलेल्या वेळी सहा-सात आठवडे डोळे चोळायचे, रात्री तोंडाने श्वास घ्यायचा, गोळी घेतली तर दुपारी साहेबासमोर पेंगायचं, नाही घेतली तर साहेबाच्या अंगावर शिंकायचं. त्यावर जग काय देतं? हळद-दूध. नाकात तुपाचे दोन थेंब. "आमच्या लहानपणी नव्हतं बुवा हे असलं." करोनानंतर तर लिफ्टमध्ये नुसतं नाक चोळलं तरी माणसं पुढच्या मजल्यावर उतरून जिना चढतात. हातमोडक्याला प्लास्टरवर सह्या मिळतात, शिंकणाऱ्याला काढे.

जपानमध्ये टीव्हीवर पावसाच्या अंदाजाबरोबर सुगीच्या परागांचा अंदाज सांगतात. सुगी म्हणजे तिकडचं देवदारासारखं झाड, युद्धानंतर लाकडासाठी डोंगरच्या डोंगर भरून लावलेलं. आदला उन्हाळा कडक गेला की पुढच्या वसंतात पराग जास्त, हे तिथे बातम्यांत आधी कळतं. चंडीगडचंही परागांचं कॅलेंडर तयार झालं आहे, कुठल्या महिन्यात कुठलं झाड छळणार ते सांगणारं. माझ्या सकाळच्या पेपरात तापमान असतं, धरणातला साठा असतो, सोन्याचा भाव असतो, राशीला आज धनलाभ असतो. वावळ नसतो.

बुधवारी सकाळी अनोळखी नंबरवरून फोन.

"मामा, ओळखलंत का? उपरणं."

ओळखलं.

"आज नवीन गाडी आणायला चाललोय. शोरूमवाल्यांनी ११ची वेळ दिलीय. तुम्ही सकाळपासून किती शिंकलात? सम की विषम?"

मी खिडकीशी गेलो. रात्रीपासून ढग होते, वारा अजिबात नव्हता, गच्चीवरचे कपडे दमट होते. "एकही नाही," मी सांगितलं. "१२च्या आत उरकून घ्या. ऊन पडलं तर मी जबाबदार नाही."

"शून्य," काका म्हणाले. फोनवर बराच वेळ शांतता. मागे कुणाला तरी विचारल्याचा आवाज. मग: "शून्य समच धरतात ना?"

धरतात, मी म्हणालो. गाडी आली असणार. पेढे काही अजून आलेले नाहीत.