हॅलो, आता रिमोट दाबा

तो मेसेज गेल्या आठवड्यात मला चौथ्यांदा आला. या खेपेला भावकीच्या ग्रुपवर, हात जोडलेल्या चिन्हांसकट. "गाडीत चावी राहिली? घाबरू नका! पुढे पाठवा, कुणाचा तरी जीव वाचेल." खाली पाच कलमं. पहिलं, घरी फोन लावा, स्पेअर रिमोट मोबाइलसमोर धरून दाबायला सांगा आणि आपला मोबाइल दाराजवळ धरा, दार उघडतं. दुसरं, टेनिस बॉलला भोक पाडून तो किल्लीच्या भोकावर दाबा. तिसरं, सीटचं हेडरेस्ट निघतं ते काच फोडता यावी म्हणूनच. चौथं, लेकरू आत अडकलं आणि काच बोटभर खाली असली तर हवा खेळती राहते, मेकॅनिक येईस्तोवर निवांत थांबा. पाचवं, स्पेअर चावी चुंबकाच्या डबीत घालून बंपरखाली चिकटवा. तीही नसली तर कोणताही चावीवाला पाच मिनिटांत नवी करून देतो.

एरवी मी असल्या मेसेजच्या नादी लागत नाही. पण यातलं पहिलं कलम मी स्वतः करून बसलेलो आहे, तेही लातूरजवळच्या औशाला, मे महिन्यात, भर लग्नात.

गाडी साधी सेडान, रिमोटवाली. दारं लॉक होती. चावीने डिकी उघडली, अहेराची भांडी उचलायला दोन्ही हात लागतात म्हणून चावी डिकीतच ठेवली, भांडी काढली आणि कोपराने डिकी आपटली. खट्ट. डिकी आपटली की लॉक होते; चावी आत आहे का बाहेर, याच्याशी तिला घेणंदेणं नसतं. स्पेअर चावी परभणीला, आमच्या कपाटात. तेवढ्यात नवरीकडचा कुणीतरी म्हणाला, "नुसतं बघत काय बसायलाव, घरी फोन लावा की!" आणि त्याने मोबाइल काढून हाच मेसेज दाखवला.

आमच्या घराची एक किल्ली दाजींकडं असते. ते बिचारे उन्हात स्कूटर काढून आमच्या घरी गेले, कपाट उघडलं. "हॅलो, आता दाबू का?" "दाबा." "झालं का खट्ट?" "नाही." "मोबाइल उलटा धरा." मी मोबाइल उलटा धरला, आडवा धरला, काचेला टेकवला. भोवती दहा-बारा वऱ्हाडी कान टवकारून. अर्धा तास हा कार्यक्रम चालला, तिकडं अक्षता पडल्या.

हे का होत नाही, ते नीट सांगतो. मोबाइलचा माइक आवाज पकडतो. साध्या फोन कॉलमधून साधारण 300 ते 3400 हर्ट्झचा आवाज जातो, म्हणजे माणसाचं बोलणं कळावं इतका. रिमोट मात्र आवाज काढतच नाही. बटण दाबलं की तो रेडिओ लहर सोडतो, आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत 433 मेगाहर्ट्झच्या आसपासची, म्हणजे सेकंदाला 43 कोटी 30 लाख कंपनं. ही लहर माइकला ऐकूच येत नाही, तर तो पुढं काय पाठवणार? परभणी आकाशवाणीच्या टॉवरखाली जाऊन टॉवरला कान लावला तर बातम्या ऐकू येतात का? त्यासाठी रेडिओच लागतो. शिवाय समोरच्या फोनचा स्पीकरही आवाजच काढतो, आणि गाडीला कान नाहीत.

"पण आमच्या भाच्याचं दार उघडलं होतं ना!" असं सांगणारा एक तरी भेटतोच. तो खोटं बोलत नसेल. भाच्याची गाडी बिल्डिंगच्या खाली होती आणि वहिनी दुसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीत. रिमोटची लहर पंचवीस-तीस मीटर सहज जाते, मधे आडकाठी नसेल तर त्याहून लांब. दार त्या लहरीने उघडलं, श्रेय फोनने खाल्लं. परभणीहून औशाला ती लहर यायची नाही.

फोनवरून गाडी उघडते, ही गोष्ट मात्र अगदीच खोटी नाही. ह्युंदाईचं ब्लूलिंक, किआचं किआ कनेक्ट अशी अ‍ॅप आहेत. गाडीतच एक सिम असतं, कंपनीच्या सर्व्हरकडून त्याला निरोप जातो आणि लॉक उघडतं. त्यासाठी गाडी त्या मॉडेलची हवी, अ‍ॅपची वर्गणी चालू हवी, गाडी उभी आहे तिथं रेंज हवी, आणि मोबाइल चावीसोबत डिकीत गेलेला नको. यातलं एकही माझ्याकडं नव्हतं. म्हणजे मोबाइल होता, तोही रिमोटची सेवा करण्यात गुंतलेला.

टेनिस बॉलबद्दल फार बोलत नाही. किल्लीचं भोक हवाबंद नसतं. बॉल दाबला की हवा मिळेल त्या फटीतून निघून जाते. आतलं लॉक एकतर सळईने हलतं नाहीतर छोट्या मोटरने, आणि ती मोटर विजेवर चालते, फुंकरीवर नाही. जुन्या काही मर्सिडीज गाड्यांत सेंट्रल लॉक हवेच्या ओढीवर चालायचं. ती नळीसुद्धा किल्लीच्या भोकापाशी उघडी नसायची. गावोगावी टेनिस बॉलच्या टूर्नामेंट चालतात, तिथं त्या बॉलला जास्त मान आहे.

हेडरेस्टचं कलम वाचून तर मला हसूच आलं. चावी आत, आपण बाहेर, आणि हेडरेस्ट? तेही आत! बाहेर उभ्या माणसाला त्याचा उपयोग तो काय? मुळात हेडरेस्ट असतं मानेसाठी. मागून धडक बसली की डोकं मागे झटकतं, ते अडवायला. ते वर-खाली करता यावं, कव्हर चढवता यावं, म्हणून निघतं. गाडी पाण्यात गेली आणि आतून काही मिळेना, तर त्याच्या सळ्यांचा आधार घेऊन बघायला हरकत नाही. पण ते त्यासाठीच बनवलंय हे कुणाच्या तरी डोक्यातून निघालेलं आहे.

आता चौथं कलम, ज्याच्यासाठी मी खरं तर लिहायला बसलो. बाकीच्या चार कलमांनी फार तर हसं होईल, दोन तास जातील. या एकाने लेकरू जाऊ शकतं.

उन्हात उभी बंद गाडी किती लवकर तापते याची मोजमापं झालेली आहेत. पहिल्या दहा मिनिटांत आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा दहा-अकरा अंशांनी चढतं, अर्ध्या तासात एकोणीसच्या आसपास. लातूर, नांदेड, परभणीचा मे डोळ्यांसमोर आणा. बाहेर 41 असेल तर दहा मिनिटांत आत 50 च्या पुढं. काच बोटभर खाली ठेवून बघितलं तेव्हाही फरक नावालाच पडला. कारण ऊन काचेतून आत येतं, डॅशबोर्ड आणि सीट तापवतं, आणि आतली हवा त्या तव्यावर तापते. फटीतून जाते त्यापेक्षा जास्त उष्णता आत तयार होत राहते. लहान लेकराचं अंग मोठ्या माणसाच्या तीन ते पाच पट वेगाने तापतं. तुम्ही बाहेर घाम पुसत "आला का मेकॅनिक?" विचारता, तेवढ्यात त्याचा घाम थांबलेला असू शकतो.

हा प्रसंग फार साध्या पद्धतीने येतो. रसवंतीवर गाडी थांबवली, चावी तशीच लावलेली, बाप रस आणायला उतरला, आईही पैसे द्यायला उतरली, आणि मागच्या लेकराने पुढं येऊन लॉकचं बटण दाबलं. इंजिन चालू आणि एसी चालू असेल तर थोडा वेळ हातात आहे. लेकरू कळतं असेल तर बाहेरून खुणा करून बटण वर ओढायला सांगा, हसून सांगा, तुम्ही रडलात तर तेही रडणार. पण इंजिन बंद आणि गाडी उन्हात असेल, किंवा लेकरू मलूल दिसत असेल, तर फोन नाही, बॉल नाही, मेकॅनिक नाही. एकाने 112 लावायचा आणि दुसऱ्याने काच फोडायची.

कोणती? लेकरू जिथं आहे तिथून सगळ्यात लांबच्या दाराची. समोरची नाही. समोरची काच दोन काचांच्या मधे प्लास्टिकचा पडदा घालून केलेली असते; तडे जातात, भोक पडत नाही. दाराची काच बहुतेक गाड्यांत टफन केलेली असते, फुटली की ज्वारीच्या दाण्यांएवढे तुकडे होतात. घाव मधोमध घालू नका, तिथं ती लवते. खालच्या कोपऱ्यात घाला. पाना आणि जॅक डिकीत अडकलेले असणार, म्हणून टोकदार दगड, हातोडा, पहार, जे रस्त्यावर मिळेल ते. हाताला दस्ती किंवा उपरणं गुंडाळा, तोंड बाजूला वळवा. लेकरू बाहेर काढलं की सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी मारून वारा घाला. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी ओतू नका, 108 लावा.

काचेच्या खर्चाचं म्हणाल, तर विम्यात काचेवर घसारा, म्हणजे जुनी झाली म्हणून घटलेली किंमत, कापत नाहीत. सक्तीची वजावट मात्र असते, म्हणजे तेवढे पैसे आपणच भरायचे: 1500 सीसीपर्यंतच्या गाडीला 1000 रुपये, त्यापुढं 2000. वर क्लेम केला की नो क्लेम बोनसवर, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणाऱ्या सवलतीवर, पाणी. म्हणून एका दाराच्या काचेसाठी बरेच लोक क्लेमच करत नाहीत, खिशातून घालतात. "मागची छोटी तिकोनी काच फोडा, स्वस्तात पडते" हाही एक समज आहे. ती बऱ्याच गाड्यांत चिकटवलेली असते आणि बसवायला जास्त कटकटीची. पण लेकरू आत असताना हा हिशोब करणाऱ्याला माझा दुरूनच नमस्कार.

पाचव्या कलमात अर्धं खरं आहे, म्हणून ते जास्त फसवतं. आमच्याकडं चावीवाला म्हटलं की नांदेडचे शिकलीगर सरदारजी आठवतात. पिढ्यान् पिढ्या लोखंडात हात असलेली ही माणसं, कधीकाळी शस्त्रं घडवणारी. त्यांच्यातल्या एकांना मी हा मेसेज दाखवला. ते म्हणाले, "साब, पाँच मिनट में दरवाजा खुलता, गाडी चालू नहीं होती." बरोबर आहे. आजच्या बहुतेक गाड्यांच्या चावीत इमोबिलायझरची चिप असते. धातूची पाती कापली की दार उघडतं, पण चिप ओळखीची नसेल तर इंजिन पेट घेत नाही. चिपवाली चावी करायला मशीन लावून गाडीला ती चावी शिकवावी लागते, आणि प्रामाणिक चावीवाला आधी आरसी मागतो. आरसी डॅशबोर्डच्या कप्प्यात अडकली असेल तर मोबाइलमधलं डिजिलॉकर दाखवा.

याच अर्धवटपणाचा फायदा घेता येतो. औशानंतर मी चिप नसलेली साधी पाती कापून घेतली, दीड-दोनशे रुपयांत. ती पाकिटात असते. तिने दार उघडतं, गाडी चालू होत नाही. पाकीट चोरीला गेलं तरी गाडी जात नाही. बंपरखाली मात्र काहीही चिकटवू नका. आपल्या रस्त्यांवर ती डबी दुसऱ्या गतिरोधकाला गळून पडेल हे एक. स्मार्ट चावी असेल तर ती गाडीजवळ आहे म्हणून हँडलचं बटण दाबणाऱ्या कुणालाही दार उघडू शकेल हे दुसरं. गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी दोन्ही मूळ चाव्या मागते हे तिसरं. "एक बंपरखाली होती" हे उत्तर तिथं देऊन बघा.

स्मार्ट चावीवाल्यांना अजून एक सांगायचं राहिलं. "आमची गाडी चावी आत असली की लॉकच होत नाही" या भरवशावर राहू नका. सेल उतरलेला असला किंवा चावी स्टीलच्या डब्यांच्या गर्दीत पडली, तर गाडीला ती दिसत नाही. आणि त्या चावीच्या पोटात एक छोटी धातूची किल्ली असते, बाजूची कळ सरकवली की निघते. सेल गेला म्हणून गाडीबाहेर ताटकळणारे लोक मी पाहिलेत, किल्ली हातातच असताना.

औशाला शेवटी लातूरहून एक चावीवाला आला. त्याने पुढच्या दाराच्या वरच्या कोपऱ्यात रबरी पाचर बसवली, फटीतून रबर चढवलेली तार घातली आणि आतलं हँडल ओढलं. दार उघडलं आणि गाडीने असा काही भोंगा सुरू केला की बँडवाले थांबले. ड्रायव्हर सीटशेजारची डिकीची कळ ओढली, चावी भांड्यांच्या खोक्यामागं होती. सगळं मिळून वीस मिनिटं.

हे लिहिलेलं परवा दाजींना वाचून दाखवलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, चहा संपवला आणि म्हणाले, "ते सगळं ठीक आहे. पण त्या दिवशी तुमच्याकडं रेंज कमी होती बघा."