वाद नको हो, कार्यक्रम होऊ द्या

परवा आमच्याकडच्या व्याख्यानमालेची मीटिंग झाली. यादीत अकरा नावं होती, दोन तासांनी उरली तीन. एक इतिहासवाले, त्यांच्यावर कोणीतरी आक्षेप घेईल म्हणून कट. एक बाई मंदिरप्रवेशावर बोलतात, त्या कट. एका कीर्तनकारांचं नाव मीच सुचवलं तर आमचे एक पुरोगामी मित्र म्हणाले असल्या लोकांना स्टेज द्यायचं नसतं. म्हटलं ऐकलंय का त्यांचं कीर्तन? नाही म्हणे, पण कुठले आहेत ते माहितीये. कट. शेवटी राहिलं काय, तर मधुमेह आणि आहार, हास्य कविसंमेलन आणि एक म्युच्युअल फंडवाले (हॉलचं भाडं तेच देणारेत).

आणि गंमत म्हणजे बाहेरून कोणाचा साधा फोनही आला नव्हता बरं का. धमकी नाही, निवेदन नाही, काही नाही. आम्हीच आमचे सेन्सॉर.

मोठ्या संस्थांचंही हेच चालतं, फक्त तिथे बातमी होते. 2009 ला महाबळेश्वरच्या साहित्य संमेलनाआधी नियोजित अध्यक्ष आनंद यादवांच्या तुकारामांवरच्या कादंबरीवरून वारकरी चिडले, यादवांनी राजीनामा दिला आणि संमेलन अध्यक्षाविनाच उरकलं. 2019 ला यवतमाळच्या संमेलनासाठी लेखिका नयनतारा सहगलना आधी उद्घाटनाला बोलवलं आणि मग कळवलं की येऊ नका. कारण काय तर त्या इंग्रजीत लिहितात म्हणून मनसेच्या स्थानिक मंडळींचा विरोध. बरं, नंतर राज ठाकरेच म्हणाले आमचा विरोध नाही! पण तोवर आयोजक घाबरून मोकळे झाले होते. अरुणा ढेरेंनी अध्यक्षपदावरून या प्रकाराबद्दल सुनावलं ते बरं केलं. 2022 मध्ये तर बाहेरच्यांची गरजच पडली नाही. माओवादी असल्याच्या आरोपाखाली तुरुंगात राहिलेल्या कोबाड गांधींच्या पुस्तकाच्या अनुवादासाठी अनघा लेलेंना राज्य सरकारनेच पुरस्कार जाहीर केला, आठवड्याभरात सरकारनेच तो रद्द केला आणि वर निवड समितीही बरखास्त. समितीने पुस्तक वाचून निवडलं होतं, रद्द करणाऱ्यांपैकी किती जणांनी वाचलं असेल देव जाणे.

आता माझी खरी चिडचिड सांगतो. 2022 ला ज्यांनी पोस्टींवर पोस्टी टाकल्या (मी पण टाकली, खोटं का बोलू) त्यातले बरेच जण 2009 ला गप्प होते. आणि 2009 ला यादवांसाठी हळहळलेले काही जण 2022 ला म्हणाले, नक्षलवाद्याच्या पुस्तकाला कसला पुरस्कार. म्हणजे आपला माणूस कापला की अभिव्यक्ती स्वातंत्र्य आणि त्यांचा कापला की संस्थेची जबाबदारी. विचारसरणीने संस्था काबीज केल्या असं सगळे म्हणतात, पण मला तर आत विचारसरणी वगैरे काही दिसत नाही, अनुदान जाईल, हॉल मिळणार नाही, दारात चार लोक घोषणा देतील एवढंच दिसतं, मग ते चार लोक कुठल्या का झेंड्याचे असेनात.

कराडच्या साहित्य संमेलनात 1975 मध्ये, आणीबाणीत, केंद्रात मंत्री असलेले यशवंतराव चव्हाण स्वागताध्यक्ष होते आणि दुर्गाबाई भागवत अध्यक्षपदावरून जयप्रकाश नारायणांच्या तब्येतीसाठी प्रार्थना करा म्हणाल्या. पुढे अटक झाली दुर्गाबाईंना. आमच्या यादीत दुर्गाबाईंचं नाव आलं असतं तर पहिल्या पाच मिनिटांत कट झालं असतं.

रविवारी परत मीटिंग आहे. कीर्तनकार आणि मंदिरप्रवेशवाल्या बाई, दोन्ही नावं परत घेऊन जाणारे. खजिनदारांचा आत्ताच मेसेज आलाय, नावं आधी पर्सनलवर पाठवा, ग्रुपवर नको.